ओळखीचा दवाखाना

त्या सकाळी माणिकराव वॉलचे आटे मोजायला चुकले. चिखलीच्या नगरपालिकेत पाणी सोडणारे वॉलमन म्हणून एकतीस वर्षं झाली होती, पण असं कधी झालं नव्हतं. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची, डावीकडे फिरवायची आणि मनात मोजत राहायचं. शाळेमागचा वॉल चौदा आट्यांचा, आडत बाजाराजवळचा बावीसचा, दवाखान्याच्या कोपऱ्यावरचा अठराचा. अठरा झाले की हात आपोआप थांबायचे. नऊपर्यंत आले होते आणि वरून हाक आली. डॉक्टर अविनाश गॅलरीत उभे होते, अंगात घरातला सदरा, हातात चहाचा कप. खाली त्यांचा आणि बाळंतपणं करणाऱ्या त्यांच्या डॉक्टर बायकोचा दवाखाना, वर घर. समता बाळंतपणाला आली असं ऐकलं, डॉक्टर म्हणाले, मग दुसरीकडे कुठं जायचं नाही, बाईसाहेब आहेतच, सगळं घरचंच आहे. माणिकराव वर बघून हसले. हाव साहेब, म्हणाले. मग खाली पाहिलं तर हात फिरतच होते आणि आकडा गेला होता. नऊच्या पुढे किती झाले ते कळेना. जमिनीखालून पाणी निघाल्याचा आवाज येत होता, पलीकडच्या गल्लीत कोणाचा तरी नळ हवा सोडून खाकरत होता. ते चावी धरून तसेच उभे राहिले. मग सगळा वॉल उजवीकडे फिरवून बंद केला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. डॉक्टर अजून वरच होते. त्यांना वाटलं असेल, माणूस काम किती नीट करतो.

घरी येईपर्यंत तो कप डोळ्यांपुढून हलेना. पांढरा कप, कडेला निळी रेघ. असल्याच कपातून माणिकराव एकदा त्या दवाखान्यात चहा प्याले होते, आणि त्या गोष्टीला आता चौदा महिने झाले होते.

समता त्यांची एकुलती एक लेक. लोणारला दिलेली. जावई प्रसेनजित तिथल्या शाळेत लिपिक, सरळ मुलगा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्यांच्याच घरी असते. पण समतेच्या माहेरी आता एक बाप, दोन खोल्या आणि भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलेला तिच्या आईचा, बनाबाईंचा फोटो, एवढंच उरलं होतं. सातवा संपला तेव्हा माणिकराव तिला आणायला लोणारला गेले. विहीणबाई, सोजराबाई, तोंडाच्या फटकळ पण मनात काही न ठेवणाऱ्या. त्या म्हणाल्या, भाऊ, राहू द्या तिला इथंच, आईवाचून माहेर कसलं. त्यांनी वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण माणिकरावांना ते टोचलं. माहेर म्हंजे काय नुसती आईच असते का, असं ते म्हणाले, आणि जरा जोरातच म्हणाले. सोजराबाई डब्यात लाडू भरू लागल्या. जीपमध्ये परत येताना माणिकरावांना आपण काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं. घरी आल्यावर दोन दिवसांत कळलं की जिंकलेलं काहीच नव्हतं. डिंक कुठं ठेवलाय, समतेची पाठ भरून आली तर शेकायचं की नाही, रात्री तिला भूक लागली तर काय द्यायचं, ही सगळी माहिती बना बरोबर घेऊन गेली होती. ते भाकरी थापायचे, समता ती खायची आणि चांगली झाली म्हणायची. कडा कच्च्या राहायच्या. ती कडा ताटाखाली लपवायची, ते तिच्या नकळत उचलून स्वतः खायचे. दोघांचं असं चाललं होतं.

मग आरोग्यसेविका आशाताई येऊन गेल्या. त्यांनी समतेचं बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, पायावर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते पाहिलं. जरा वाढलेलं आहे, म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, पण दवाखाना आत्ताच ठरवून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. त्यांच्याकडे बाळाचे ठोके ऐकायचं हाताएवढं यंत्र होतं. ते पोटावर ठेवल्यावर आधी खरखर आली आणि मग एकदम आवाज लागला, भरभर, दमदार. माणिकराव दाराबाहेर उभे होते. त्यांना तो आवाज ओळखीचा वाटला. नळाचं पाणी सुटलं की चावीच्या दांड्याला कान लावून ऐकायची त्यांची सवय होती. पाइप कुठं फुटला असेल तर दांड्यातून कळतं. पाणी आणि हवा मिळून जाताना असाच आवाज होतो. आत काहीतरी येतंय, आणि वाटेत कुठं गळती असेल तर ती आपल्याला शोधायची आहे, असं त्यांना वाटलं. आशाताई निघून गेल्या तरी "ऐनवेळी" हा शब्द घरात राहिला. माणिकरावांना ऐनवेळ म्हणजे काय ते माहीत होतं. एकदा ते तिच्यातून गेले होते आणि दवाखाना चुकले होते.

गावात दवाखाना कोणी शोधत नाही, ओळख शोधतं. अमक्याचा मेव्हणा तिथं कंपाउंडर आहे, तमक्याच्या शेतात डॉक्टर हुरडा खायला येतात. ओळख असली की नंबर लवकर लागतो, बोलणं नीट होतं, आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. माणिकरावांची ओळख पाण्याची होती. दर पाचव्या दिवशी येणारं पाणी ज्याच्या हातात, त्याला गावात सगळे ओळखतात. कोणता दवाखाना कसा, हे त्यांनी मनात पाण्यावरूनच लावून ठेवलं होतं. बसस्टँडमागच्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्याची रोज बोंब, टाकी भरली नाही, टँकर पाठवा. म्हणजे तिथं सगळा गोंधळ. डॉक्टर अविनाशांची एकतीस वर्षांत एक तक्रार नाही. म्हणजे दवाखाना शिस्तीचा. हे गणित त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांचा त्याच्यावर भरवसा होता. ते मोडलं सत्यभामाबाईंनी. शाळेमागच्या गल्लीत नळावर बायका जमल्या होत्या आणि माणिकराव वॉलपाशी उभे होते. सत्यभामाबाईंना दोन मुली, पाच नातवंडं. त्यांनी हंड्यावरून नजर न काढता विचारलं, "भाऊ, पोरीले कुठं नेऊन राह्यले डिलेवरीले?" अजून ठरलं नाही, माणिकराव म्हणाले. "ठरवा लवकर. ते काय तुमचा वॉल हाय का, टायमावर फिरवला अन् टायमावर सुटलं?" बायका हसल्या. माणिकरावही हसले. मग जन्मात कोणत्या बाईला विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, अविनाश डॉक्टरांकडे कसं आहे. चांगलं आहे, सत्यभामाबाई म्हणाल्या, बाईसाहेब मायाळू आहेत, सरळ मोकळी होणाऱ्या बाईला तिथं काही त्रास नाही. अडली तर मात्र त्या लगेच बुलडाण्याला पाठवतात, थांबत नाहीत. माणिकराव म्हणाले, पण तिथं कधी पाण्याची बोंब ऐकली नाही. सत्यभामाबाईंनी हंडा बाजूला सारला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाळंतपणं जास्त असती तं पाणी लागलं असतं ना, भाऊ. एका बाळंतिणीचं धुणं किती निंघते, तुम्हाले काय माहीत."

खरंच माहीत नव्हतं. समता झाली तेव्हा ते कामावर होते. सरकारी दवाखान्यात बनाला सोडलं, तिच्या आईनं त्यांना दारातूनच परत पाठवलं, आणि बाजाराजवळच्या भागाची पाळी होती म्हणून ते वॉल सोडायला गेले. परत आले तेव्हा मुलगी झालेली होती, धुतलेली, गुंडाळलेली. बना थकलेल्या तोंडानं म्हणाली होती, सुटलं का तुमचं पाणी. इतकीच त्यांची त्या दिवसाची आठवण. धुणं कोणी धुतलं, किती निघालं, बना किती ओरडली, हे सगळं बायकांमध्ये झालं आणि बायकांमध्येच राहिलं. पुरुषाला मूल मिळतं ते असं, कोरडं. सत्यभामाबाईंचा हंडा भरला, दुसरा लागला. माणिकराव चावी उचलून पुढच्या वॉलकडे चालू लागले आणि चालता चालता त्यांच्या मनात आलं की जिथं काहीच होत नाही तिथली तक्रारही येत नाही, आणि आपण एकतीस वर्षं त्यालाच चांगलं म्हणत आलो.

बना गेली तो एप्रिलचा महिना होता. बना दारात बसून डाळ पाखडत होती. दुपारी तीनच्या सुमारास म्हणाली, जबडा दुखून राह्यला. मग म्हणाली, खांद्यातून कळ येते. माणिकरावांनी ओवा दिला. गॅस असेल. चार वाजता तिला घाम फुटला, पोलकं पाठीला चिकटलं. शेजारचा दयाराम ऑटो चालवतो. तो म्हणाला, काका, सरळ बुलडाण्याला नेतो, बसा. माणिकराव म्हणाले, आधी आपल्या डॉक्टरला दाखवू, ओळखीचे आहेत. तेव्हापासून हे वाक्य ते स्वतःच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकत आले होते. वॉल फिरवताना ऐकायचे, भाकरी थापताना ऐकायचे. त्यात वाईट काय होतं? ओळखीच्या माणसाकडे जावं, यात काय चूक? मोपेडवर बनाला मागं बसवलं. तिनं त्यांच्या कमरेला हात घातला होता, तो वाटेत सैल व्हायचा आणि पुन्हा आवळायचा. डॉक्टर एका साखरपुड्याला गेले होते. कंपाउंडरनं माणिकरावांना पाहिलं आणि उठून उभा राहिला. काका तुम्ही इथं बसू नका, आत बसा, साहेब निघालेच आहेत. बनाला बाहेरच्या खोलीत बाकावर निजवलं, गॅसचं इंजेक्शन दिलं, आणि माणिकरावांना डॉक्टरांच्या केबिनमध्ये गादीच्या खुर्चीवर बसवलं. पंखा लावला. वरून चहा आला. पांढरा कप, निळी रेघ. दुसरं कोणी अनोळखी असतं तर दारातच सांगितलं असतं की साहेब नाहीत, पुढं जा. तो माणूस पुढं गेला असता. माणिकरावांना कोणी जा म्हटलं नाही. अर्धवट उघड्या दारातून बनाचे पाय दिसत होते, एका पायातली चप्पल खाली पडलेली. मध्येच तिनं मान वळवली आणि विचारलं, निघायचं का. आवाज तिचाच होता, नेहमीचा, लग्नातून निघताना विचारायची तसा. माणिकराव म्हणाले, साहेब येऊनच राह्यले, असं उठून गेलो तं कसं दिसल. बरं, बना म्हणाली. केबिनमध्ये घड्याळ होतं. चाळीस मिनिटं झाली होती. डॉक्टर आले, वायरी लावल्या, कागद निघाला, आणि कागद बघून त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी स्वतःची गाडी दिली, स्वतःचा ड्रायव्हर दिला. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. ते वाईट असते तर माणिकरावांना सोपं गेलं असतं. अर्ध्या वाटेत बनाचं डोकं त्यांच्या मांडीवर एकदम जड झालं. बुलडाण्याला एका तरुण डॉक्टरनं विचारलं, दुखायला कधी लागलं होतं. माणिकराव म्हणाले, आत्ताच, अर्धा तास झाला. त्यानं तसं लिहून घेतलं.

ते लिहिलेलं तसंच राहिलं. बनाच्या पुण्यानुमोदनाला आलेला जो तो तेच बोलला, अर्ध्या तासात गेली, हाल झाले नाहीत, नशिबाची बाई. समता रडून रडून सुजली होती, तीही शेवटी तेच धरून शांत झाली. वेळच भेटला नाही, बाबा, तुम्ही तरी काय करणार होते. तिनं बापाच्या पाठीवर हात फिरवला होता. माणिकरावांनी तो हात फिरू दिला. त्या क्षणी बोलायला हवं होतं. नंतर प्रत्येक दिवशी बोलणं अजून अवघड होत गेलं, गंजलेल्या वॉलसारखं, की जो वेळेवर फिरवला नाही तर मग फिरवायलाच भीती वाटते, दांडा हातात तुटून येईल म्हणून.

आणि आता समतेनंच तो दवाखाना धरला होता. बुधवारी जेवताना म्हणाली, अविनाश डॉक्टरांकडेच करू. जवळ आहे, बाईसाहेबांना ती लहानपणापासून ओळखते. माणिकराव म्हणाले, पाहू. ती म्हणाली, पाहायचं काय त्याच्यात, मोठ्या दवाखान्यात पुरुषमाणसाला गेटच्या आत घेत नाहीत. मग ताटातल्या भातावर बोट फिरवत, खाली बघून म्हणाली, "तिथं ओळख हाय तं तुम्हाले आत बसू देतीन. आई नाही, पण तुम्ही तं असान ना माह्याजवळ." लोणारला सोजराबाईंपुढे जे जोरात बोलून आलो, ते लेक आता खरं करून मागत होती. तिच्याजवळ बसायचं होतंच त्यांना. गेल्या चौदा महिन्यांत दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. त्या दवाखान्यात गेलं की कंपाउंडर उठून उभा राहील, खुर्ची देईल. आणि समतेला काही झालं तर बाईसाहेब लगेच बुलडाण्याला जा म्हणतील, चांगल्या मनानं, वेळेवर म्हणतील, आणि पुन्हा तोच रस्ता, तीच गाडी, आणि मांडीवर डोकं. ते उठून हात धुवायला गेले. हात धुऊन झाले तरी नळापाशी उभे राहिले.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. समतेला सांगितलं, पेन्शनच्या कागदांसाठी बुलडाण्याला जातो. एसटीत खिडकीपाशी बसले आणि बस सुटताना घड्याळ पाहिलं. त्यांना वाटलं होतं की ती अर्ध्या वाटेतली जागा आली की कळेल, छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही. बाभळी गेल्या, एक पूल गेला, एक धाबा गेला, कोणतीही जागा ती असू शकत होती. बस थांबली तेव्हा पुन्हा घड्याळ पाहिलं. थांबे घेत घेत एसटीला पाऊण तास लागला होता. दयारामचा ऑटो कुठं थांबला नसता. म्हणजे त्या दिवशी निळ्या रेघेच्या कपातला चहा संपवून ते केबिनमध्ये बसले होते, तेवढ्या वेळात बना इथं बुलडाण्यात, दवाखान्याच्या दारात असती. हे त्यांनी आजपर्यंत मोजलं नव्हतं. मोजायचं मुद्दाम टाळलं होतं. ते बसमधून शेवटी उतरले. कंडक्टर म्हणाला, बाबा, झोपले होते का.

बायकांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यापुढे पायऱ्यांवर गर्दी होती. थर्मास धरून बसलेल्या सासवा, गुंडाळलेल्या गोधड्या, भिंतीला पाठ लावून उभे असलेले पुरुष. गेटवरच्या माणसानं हात आडवा केला, पुरुषमाणूस इथपर्यंतच. माणिकरावांना इथं कोणी ओळखत नव्हतं. खुर्ची मिळाली नाही, पाणी विचारलं नाही. ते इतर पुरुषांबरोबर भिंतीला टेकून उभे राहिले आणि दोन तास पाहत राहिले, जसं नव्या भागातली लाइन समजून घ्यायला पाहायचे. एक नर्स बाहेर येऊन कोणाला तरी रागावली. एकजण विडी पेटवायला गेला आणि शिव्या खाऊन आला. दुपारी एक जीप थेट पायरीपर्यंत आली. आत एक पोरसवदा बाई होती, तिला झटके येत होते, तोंडाला फेस होता, सोबत एक म्हातारी नुसतीच छाती पिटत होती. आतून तीन बायका धावत आल्या. स्ट्रेचर आलं. कोणाची आहे, कुठली आहे, कोणी पाठवली, काही विचारलं नाही. साहेब कुठं आहेत असं कोणी म्हटलं नाही. दार उघडलं आणि बंद झालं, पायरीवर म्हातारीची पिशवी तेवढी राहिली. माणिकराव खाली बसले. कोणाची आहे ते कोणी विचारलं नाही, हे त्यांनी मनात दोनतीनदा म्हटलं. नंतर ती बाई वाचली का, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पण तिला कोणी बसवून ठेवलं नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग ते नोंदणीच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर सांगितलं, पोरगी आहे, आठवा चालू आहे, बीपी वाढतंय. खिडकीतल्या बाईनं न बघता सांगितलं, तिला घेऊन या, कार्ड आणा, आणि सोबत राहायला बाई कोण आहे. मी हाय ना, माणिकराव म्हणाले. "तुम्ही नाही चालत, काका. बाई पाहिजे. आई आणा तिची." आई नाही, ते म्हणाले. "मग सासू आणा," असं म्हणून ती पुढच्याकडे वळली. तिनं हळहळ केली नाही. माणिकरावांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट हलकं वाटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कोणी त्यांच्यावर दया न करता बोललं होतं. बसस्टँडकडे चालताना त्यांना दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. समतेला इथंच आणायचं. आणि इथं आणायचं तर का आणायचं, ते तिला सांगावं लागणार. चिखलीचा दवाखाना सोडायला दुसरं एकही कारण तिला पटलं नसतं. त्यांनी बसमध्ये कारणं जुळवून पाहिली. बीपीचं सांगू. सत्यभामाबाई काय म्हणाल्या ते सांगू. पण समता बापाची लेक होती, तिनं प्रत्येक कारणाला उत्तर दिलं असतं, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी म्हणाली असती, पण तिथं तुम्ही असान.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. समता खाटेवर बसली होती, सुजलेले पाय टबातल्या पाण्यात सोडून. झाले का कागद, तिनं विचारलं. माणिकराव उंबऱ्याजवळच बसले, चपला न काढता. कागदाला गेलो नव्हतो, म्हणाले. मग म्हणाले, अविनाश डॉक्टरकडे नको करू. समतेनं मान वर केली. "काऊन नको?" "तिथं ओळख हाय," माणिकराव म्हणाले. ती हसली. म्हणूनच तं म्हणून राह्यली मी, म्हणाली. मग तिनं बापाचं तोंड पाहिलं आणि हसायची थांबली.

त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा उलटसुलट सांगितलं, गाडीचं आधी, ओव्याचं नंतर. मग थांबून तीन वाजल्यापासून सांगितलं, जबड्यापासून. दयारामचा ऑटो सांगितला. केबिन सांगितली. टबातलं पाणी हलत होतं. ते चाळीस मिनिटांवर आले आणि तिथं अडकले. समतेनं विचारलं, "आई काही म्हणाली होती का?"

"निघायचं का म्हणाली."

"मंग?"

"मी म्हटलं, असं उठून गेलो तं कसं दिसल."

बाहेर दयारामच्या ऑटोचा आवाज आला आणि गेला. समता भिंतीकडे बघत होती, पण फोटोकडे नाही, त्याच्या खाली, जिथं चुन्याचा पोपडा निघाला होता तिथं. माणिकरावांना वाटलं, आता थांबावं, एवढं पुरे आहे. पण आणखी एक राहिलं होतं आणि ते तसंच ठेवलं तर सांगितलेलं सगळं पुन्हा खोटं झालं असतं. "मी तिथं चहा प्यालो," ते म्हणाले.

"पूर्ण?"

"पूर्ण."

समतेनं पाय पाण्यातून काढले. पुसले नाहीत. एक हात पोटाखाली धरून ती उठली, भिंतीचा आधार घेत आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. फरशीवर तिची ओली पावलं उमटली होती, सुजल्यामुळे रुंद, बोटं वेगळी न दिसणारी. माणिकराव ती बघत बसले. कडेपासून एकेक पाऊल वाळत होतं. तिला आवाज द्यावा की देऊ नये, ते कळेना. रडण्याचा आवाज आला असता तर ते उठले असते. रडण्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं फोनची बटणं वाजली आणि मग समता बोलली.

"आई," ती म्हणाली.

एवढ्या महिन्यांत या घरात तो शब्द कोणी हाक म्हणून उच्चारला नव्हता. ती सोजराबाईंना आईच म्हणत असणार, सगळ्याच सुना म्हणतात. पण सासरी फोन करायचा तर समता नेहमी अंगणात जायची, लांब, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून. आज ती गेली नव्हती.

"आई, तुम्हाले यावं लागते इकडं. … नाही, मी नाही येत, तुम्हीच या. बाबांच्या घरी राहायचं. … म्हणू द्या लोकाईले काय म्हणायचं ते. … बुलडाण्याले. सोबत बाई लागते तिथं. … नाही, तिथं कोणीच ओळखीचं नाही. बाबांनीच ठरवलं. जाऊन पाहून आले ते आज."

पलीकडून सोजराबाई काहीतरी बराच वेळ बोलत असाव्यात. चिखलीतला घरचा डॉक्टर सोडून एवढं लांब कशाला, आईच्या वेळी तिथं काही चुकलं होतं का, असंच काहीतरी विचारत असतील. कोणीही विचारलं असतं. माणिकराव उंबऱ्यावरून पुढे सरकले. आता ती सांगेल. सांगू दे. लोणारला कळेल, जावयाला कळेल, सगळ्यांना कळेल, आणि मग लपवायला काही उरणार नाही. ते मान खाली घालून बसले, मार खायला तयार झालेल्या माणसासारखे.

"नाही, आई," समता म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "मायच्या वेळेस बाबांनी लय धावपळ केली होती. टाइमच नव्हता भेटला. अर्ध्या तासात गेली ती."

माणिकरावांना वाटलं, उठावं, दार उघडावं आणि म्हणावं, तू नको म्हणू हे. इतके दिवस ते खोटं त्यांच्या एकट्याचं होतं. आज ते खाली ठेवायला म्हणून ते बोलले होते, आणि पोरीनं ते उचलून घेतलं होतं, अवघडल्या अंगानं. ते उठले नाहीत. आत समता विहीणबाईंना सांगत होती की लोणारहून सकाळची पहिलीच बस धरा, दुपारच्या गाडीला बसायला जागा मिळत नाही, आणि येताना डिंक तेवढा घेऊन या.